निर्मितिपद्धती व व्यापक प्रकार

निर्मितिपद्धती व व्यापक प्रकार : वस्तुलक्ष्यी संगणक आज्ञावलीत नवीन वस्तू घडविण्याचे काम ज्या स्वतंत्र पद्धतीकडे सोपविलेले असते, तिला निर्मितिपद्धती म्हणतात, इंग्रजीतील तिचे नाव फॅक्टरी मेथड असे आहे. ज्या प्रकाराच्या व्याख्येत दुसरा एखादा प्रकार प्राचल म्हणून मोकळा ठेवलेला असतो, त्यास व्यापक प्रकार किंवा जेनेरिक टाइप म्हणतात. वस्तू कोणी घडवावी, हा निर्मितिपद्धतीमागील प्रश्न होय. एकच व्याख्या अनेक प्रकारांना कशी लागू करावी, हा व्यापक प्रकारामागील प्रश्न होय. या दोन कल्पना वेगवेगळ्या परंपरांत वाढल्या. त्यांची गाठ पडली तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली : ज्या प्रकाराचे नावही ठाऊक नाही, त्याची वस्तू व्यापक प्रकाराने कशी घडवावी? या अडचणीस वेगवेगळ्या भाषांनी जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास म्हणजे गेल्या अर्धशतकातील आज्ञावली भाषांच्या घडणीचा एक महत्त्वाचा भाग होय.

स्वरूप : ओतकामाच्या दृष्टांताने ही अडचण स्पष्ट होते. पितळी भांड्यांसाठी भंडारा शहराचे नाव जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. ओतकामाच्या कारखान्यातील साचा वस्तूचा आकार ठरवितो, धातू ठरवीत नाही; त्याच आकारात तांबेही ओतता येते व पितळही ओतता येते. या अर्थी साचा हा व्यापक आहे. परंतु तांबे सु. १,०८५° से. तापमानास वितळते, तर पितळ त्यातील जस्ताच्या प्रमाणानुसार त्याहून बऱ्याच कमी तापमानास वितळते. धातू कसा वितळवावा हे ज्ञान साच्यात नसते, ते भट्टी सांभाळणाऱ्याजवळ असते. साचा व भट्टी यांची सांगड घातल्याशिवाय भांडे तयार होत नाही. आज्ञावलीत साच्याचे काम व्यापक प्रकार करतो व भट्टीचे काम निर्मितिपद्धती करते.

प्रत्यक्ष आज्ञावलीतील स्वरूप पुढील कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल. भंडारा जिल्ह्यात धान हे मुख्य पीक असून ते आधारभूत किमतीने खरेदी केंद्रांवर घेतले जाते. जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात, तर काही गावांत कोसा रेशमाचा व्यवसाय आहे. या तिन्ही व्यवहारांसाठी संगणकावर नोंदवही ठेवावयाची आहे, असे समजू. नोंद वाढविणे, क्रमाने वाचणे, शोधणे व बेरीज करणे ही कामे तिन्ही नोंदवह्यांत सारखीच असतात. नोंदीचे घटक मात्र भिन्न असतात. धान क्विंटलमध्ये मोजले जाते, त्याचा ‘साधारण’ वा ‘अ’ दर्जा व आर्द्रता नोंदवावी लागते. मासळी किलोग्रॅममध्ये मोजली जाते. कोसाचे कोष नगांवर मोजले जातात. तीन नोंदवह्या स्वतंत्रपणे लिहिल्यास एकच मजकूर तीनदा लिहावा लागतो आणि एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत करावयाची राहून जाते. म्हणून ‘नोंदवही’ हा व्यापक प्रकार एकदाच लिहून नोंदीचा प्रकार प्राचल म्हणून मोकळा ठेवतात.

येथपर्यंत अडचण नाही. परंतु नोंदवहीने ‘नवी कोरी नोंद काढा’ ही आज्ञा पाळावी, अशी अपेक्षा केली की प्रश्न उद्भवतो. धानाची कोरी नोंद घडविताना दर्जा व १७ टक्क्यांची आर्द्रतेची मर्यादा यांची योजना करावी लागते. कोषांच्या नोंदीत या दोन्ही गोष्टी नसतात. नोंदवहीला यांपैकी काहीच ठाऊक नाही, किंबहुना ते ठाऊक नसणे यातच तिची व्यापकता आहे. तेव्हा कोरी नोंद घडविण्याचे ज्ञान तिला बाहेरून पुरविणे आवश्यक ठरते.

हे ज्ञान सैलपणे पुरविले, तर काय होते हेही याच उदाहरणात दिसते. कोणतीही वस्तू स्वीकारणाऱ्या नोंदवहीत धानाच्या जागी कोषांची नोंद शिरली, तरी ती शिरताना काहीच अडत नाही. चूक उघडकीस येते ती बेरीज करताना, म्हणजे शेतकऱ्याचा चुकारा काढण्याच्या दिवशी. त्या वेळी आज्ञावली बंद पडते किंवा १०० कोष हे १०० क्विंटल म्हणून मोजले जातात. व्यापक प्रकार काटेकोर असेल, तर हीच चूक आज्ञावली तपासणारा संकलक म्हणजे कंपायलर आधीच दाखवितो. चूक कोणत्या टप्प्यावर व कोणाच्या खर्चाने सापडावी, हा या विषयाचा गाभा आहे.

निर्मितीच्या कल्पनेचा उगम : वर्ग, वस्तू व वारसा या कल्पना नॉर्वेतील ऑस्लो येथील संगणन केंद्रात उले-यूहान डाल व क्रिस्तेन न्यूगॉर यांनी सिम्यूला ६७ या भाषेत मांडल्या. मूळ वर्गात नुसती घोषित केलेली पद्धती उपवर्गात वेगळ्या रीतीने लिहिण्याची सोय या भाषेत होती व पुढील काळातील निर्मितिपद्धतीचा पाया तोच होय. या कार्याबद्दल दोघांस २००१ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात ॲलन के व त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक ही भाषा विकसित केली. या भाषेत वर्ग हीच एक वस्तू असते. ‘नवीन घडव’ हा तिला पाठविलेला संदेश असतो आणि वर्ग त्यास आपल्या मर्जीप्रमाणे उत्तर देऊ शकतो. त्यामुळे नोंदवहीला धानाच्या नोंदीचा वर्गच हाती दिला की काम भागते. वस्तू घडविण्याचा प्रश्न येथे जवळजवळ नाहीसा होतो. परंतु प्रकारांची आगाऊ तपासणी होत नसल्यामुळे चुकारा काढण्याच्या दिवशीची चूक टळत नाही.

व्यापक प्रकारांचा उगम : या दुसऱ्या परंपरेचे मूळ तर्कशास्त्रात आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत प्राचलिक बहुरूपता व प्रासंगिक बहुरूपता असा भेद केला. पहिलीत एकच व्याख्या सर्व प्रकारांना सारखी लागू पडते. दुसरीत प्रकारानुसार वेगवेगळ्या व्याख्या असून त्यांना एकच नाव असते. हा भेद प्रस्तुत विषयात कळीचा आहे, कारण नोंदवही पहिल्या जातीची, तर कोरी नोंद घडविणे हे दुसऱ्या जातीचे काम आहे. फ्रान्समध्ये झां-ईव्ह झिरार यांनी १९७२ मध्ये व अमेरिकेत जॉन रेनल्ड्स यांनी १९७४ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्राचलिक बहुरूपतेची गणिती मांडणी केली. एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर यांनी एमएल या भाषेत प्रकार आपोआप ओळखण्याची रीत प्रत्यक्षात आणली. त्यांचा याविषयीचा प्रसिद्ध निबंध १९७८ चा आहे.

मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९७० नंतरच्या दशकात तयार झालेल्या सीएलयू या भाषेत प्राचलावर अट घालण्याची सोय होती. मोकळ्या ठेवलेल्या प्रकारापाशी अमुक क्रिया असलीच पाहिजे, असे व्याख्येतच लिहिता येई. ही अट पुढील बहुतेक भाषांनी निरनिराळ्या रूपांत स्वीकारली. लिस्कोव्ह यांना २००८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार झालेल्या व १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या एडा या भाषेत व्यापक घटकाला प्रकाराबरोबरच त्यावरील क्रियाही प्राचल म्हणून पुरविता येतात. घडविणारी क्रिया अशा रीतीने पुरविली की निर्मितिपद्धती व व्यापक प्रकार यांची सांगड पडते. याच भाषेच्या २००५ च्या आवृत्तीत तर व्यापक निर्मितिपद्धती ही प्रमाणित ग्रंथालयातच समाविष्ट करण्यात आली.

व्यापक आज्ञावलीच्या विचारात भारतीय नावही आढळते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले दीपक कपूर यांनी डेव्हिड मसर व अलेक्झांडर स्टेपानॉव्ह यांच्यासमवेत १९८१ च्या सुमारास क्रिया व बैजिक संरचना यांच्या आधारे व्यापक आज्ञावलींची मांडणी केली. या विचाराची परिणती स्टेपानॉव्ह यांच्या हातून पुढे सी++ भाषेच्या प्रमाणित साचा-ग्रंथालयात झाली.

दोन परंपरांची भेट : ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९८८ मध्ये सी++ भाषेसाठी साच्यांची म्हणजे टेम्प्लेट्सची योजना प्रसिद्ध केली. या योजनेत संकलक प्रत्येक वापरासाठी साच्याची स्वतंत्र प्रत काढतो. धानाच्या नोंदवहीची प्रत निराळी व कोषांच्या नोंदवहीची निराळी. प्रत काढताना खरा प्रकार संकलकास ठाऊक असतो, त्यामुळे साच्यातून थेट नवी वस्तू घडविता येते. याची किंमत म्हणजे तयार होणाऱ्या आज्ञावलीचा वाढलेला आकार, संकलनास लागणारा अधिक वेळ व दीर्घकाळ टिकून राहिलेले दुर्बोध दोषसंदेश.

एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडीस या चौघांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथात २३ आकृतिबंधांचे वर्णन आहे. त्यांपैकी निर्मितिपद्धती हा एक होय. मूळ वर्गाने घडविण्याची पद्धती अमूर्त ठेवावी व कोणती वस्तू घडवावयाची हे उपवर्गाने ठरवावे, असे त्याचे सूत्र आहे. या सूत्राचा दोषही ग्रंथकारांनी नोंदविला आहे : केवळ एक वस्तू घडविण्यासाठी दर वेळी नवा उपवर्ग लिहावा लागतो. सी++ मध्ये साच्याचा उपयोग करून असे उपवर्ग टाळता येतात, हेही त्यांनी त्याच ठिकाणी दाखविले. दोन परंपरांची जाणीवपूर्वक घातलेली ही सांगड पुढील काळात पुष्कळ अनुसरली गेली.

जावा भाषेतील पेच : १९९६ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या जावा भाषेत आरंभी व्यापक प्रकार नव्हते. १९९८ च्या आवृत्तीतील संग्रहवर्ग कोणतीही वस्तू स्वीकारीत व बाहेर काढताना तिचा प्रकार आज्ञावलीकाराने सांगावा लागे. तो चुकल्यास आज्ञावली चालू असताना दोष उद्भवे. मार्टिन ओडर्स्की व फिलिप वॉडलर यांनी १९९७ मध्ये पिझ्झा ही जावाची विस्तारित भाषा मांडली. १९९८ मध्ये गिलाड ब्राखा व डेव्हिड स्टाउटमायर यांच्यासह त्यांनी जीजे ही सुधारित योजना सादर केली व तिच्या आधारे २००४ च्या जावा ५ मध्ये व्यापक प्रकार दाखल झाले.

तोपर्यंत जावामध्ये लिहिलेला प्रचंड मजकूर वापरात होता. जुना मजकूर व नवा मजकूर एकत्र चालावेत, या हेतूने संकलकाने प्रकारांची तपासणी पूर्ण केल्यानंतर प्राचलाची माहिती पुसून टाकावी, असे ठरले. यास प्रकारलोप म्हणतात. याचा परिणाम असा झाला की, आज्ञावली चालू असताना नोंदवही धानाची आहे की कोषांची आहे हे तिला स्वतःला कळत नाही. साहजिकच मोकळ्या प्रकाराची नवी वस्तू अथवा त्या प्रकाराच्या वस्तूंची रांग थेट घडविण्यास भाषेने मनाई केली. जावामध्ये निर्मितिपद्धतीला जे महत्त्व आले, त्याचे एक कारण हे होय. अन्य भाषांत जी सोय होती, ती येथे गरज बनली.

ही गरज भागविण्याच्या तीन रीती रूढ झाल्या. पहिली, अमूर्त निर्मितिपद्धती उपवर्गात लिहिणे. दुसरी, वर्गाचे वर्णन करणारी वस्तू रचकाला देणे व तिच्याकडून नवी वस्तू मागणे. हिच्यात घडविण्यातील चुका पुन्हा आज्ञावली चालू असतानाच उघड होतात. तिसरी, घडविणारे फलनच प्राचल म्हणून देणे. २०१४ च्या जावा ८ मध्ये फलने सहजपणे देता येऊ लागल्यानंतर ही तिसरी रीत सर्वांत सोपी ठरली. या स्थित्यंतराचा ठळक नमुना संग्रहाची रांग करून देणाऱ्या पद्धतीत दिसतो. तिला आधी नमुन्यादाखल एक रांग द्यावी लागे, कारण रांगेचा प्रकार तिला अन्यथा कळत नसे. २०१८ च्या जावा ११ मध्ये नमुन्याऐवजी रांग घडविणारे फलन देण्याची सोय झाली. वीस वर्षांपूर्वीच्या उणिवेला निर्मितिपद्धती जोडून ही पूर्तता करण्यात आली.

निर्मितिपद्धतीचा आणखी एक उपयोग याच काळात पुढे आला. जॉशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इफेक्टिव्ह जावा या ग्रंथातील पहिलाच उपदेश रचकाऐवजी स्थिर निर्मितिपद्धती वापरण्याविषयी आहे. ही स्थिर पद्धती चौघांच्या ग्रंथातील आकृतिबंधाहून भिन्न होय. तिच्यात वारशाचा संबंध नसतो. व्यापक प्रकार आल्यावर तिला वेगळेच मोल आले. रचक वापरताना प्राचलाचे नाव दोनदा लिहावे लागे, पद्धतीच्या बाबतीत मात्र संकलक ते स्वतः ओळखी. २०११ च्या जावा ७ मध्ये रचकालाही ही सवलत मिळाल्यानंतर स्थिर पद्धतीचा तेवढा लाभ संपुष्टात आला. सी++ मध्येही असाच बदल २०१७ च्या प्रमाणित आवृत्तीने घडवून आणला.

अन्य भाषांतील उत्तरे : अँड्रू केनेडी व डॉन साइम यांनी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधन शाखेतून वेगळा मार्ग मांडला. त्यांच्या योजनेत प्राचलाची माहिती आज्ञावली चालू असतानाही टिकून राहते. २००५ च्या सी शार्प २ मध्ये ती अमलात आली. प्राचलापाशी निष्प्राचल रचक असला पाहिजे, अशी अट या भाषेत घालता येते व मग नवी वस्तू थेट घडविता येते. तथापि दर्जा वा आर्द्रता अशी माहिती रचकाला द्यावयाची असेल, तर ही अट अपुरी पडते व पुन्हा निर्मितिपद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो. २०२२ च्या सी शार्प ११ मध्ये स्थिर अमूर्त पद्धती करारात समाविष्ट करण्याची मुभा मिळाल्याने ही उणीव बरीच भरून निघाली.

वॉडलर व स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये प्रकारवर्गांची कल्पना मांडली व हॅस्केल भाषेने ती स्वीकारली. तिच्यात अपेक्षित उत्तराच्या प्रकारावरून कोणती निर्मिती करावयाची हे संकलकच ठरवितो. रस्ट व स्विफ्ट या नंतरच्या भाषांतही घडविण्याची क्रिया प्रकाराच्या करारातच नोंदविता येते. अशा भाषांत निर्मितिपद्धती हा आकृतिबंध म्हणून वेगळा ओळखू येत नाही. तो भाषेतच विरघळलेला असतो. गो या भाषेने २००९ पासून व्यापक प्रकार टाळले होते. मार्च २०२२ मधील १·१८ या आवृत्तीत तिनेही ते स्वीकारले.

टीका : पीटर नॉर्व्हिग यांनी १९९० नंतरच्या दशकात असे दाखविले की, चौघांच्या ग्रंथातील २३ आकृतिबंधांपैकी १६ हे लवचिक भाषांत एकतर अगदी सोपे होतात किंवा अदृश्य होतात. आकृतिबंध हे भाषेतील उणिवांचे चिन्ह होय, हा आक्षेप तेव्हापासून वारंवार घेतला गेला. तो अंशतः खरा आहे. एकाच प्रकारची वस्तू घडविण्यासाठी निर्मितिपद्धती, तिच्यासाठी अमूर्त वर्ग व त्यासाठी आणखी एक निर्माता असे थरावर थर रचल्याची उदाहरणे व्यवसायात कमी नाहीत. तथापि घडविण्याचे ज्ञान व वापरण्याचे ज्ञान वेगळे ठेवण्याची गरज भाषा बदलल्याने संपत नाही. धानाच्या दर्जाचे नियम बदलले, तर ते एकाच ठिकाणी बदलता यावेत व नोंदवहीला हात लावावा लागू नये, हा लाभ कोणत्याही भाषेत तितकाच मोलाचा आहे.

महाराष्ट्रातील अध्ययन : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुणे येथे १९८१ मध्ये टाटा संशोधन, विकास व संकल्पन केंद्र स्थापन झाले. झुरिक येथे तयार झालेल्या पास्कल-पी संकलकाच्या लेखकांपैकी एक असलेले केशव नोरी यांनी पुढे या केंद्रात कार्य केले. प्रतिमानावरून आज्ञावली आपोआप तयार करणारी साधने या केंद्रात विकसित करण्यात आली. व्यापक साचा एकदा लिहावा व त्यातून अनेक विशिष्ट आज्ञावली घडवाव्यात, हे तत्त्व तेथे उद्योगाच्या पातळीवर उपयोगात आले. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या पदविका अभ्यासक्रमांतून सी++ व जावा यांचे शिक्षण राज्यभरच्या पदवीधरांपर्यंत पोहोचले.

विदर्भापुरते पाहता, नागपूर येथील यशवंत कानेटकर यांच्या सी, सी++, जावा व सी शार्प या भाषांवरील इंग्रजी पाठ्यपुस्तकांचा प्रसार देशभर झाला. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. विषयाची परिभाषा इंग्रजी असल्याने साचा, प्राचल, रचक, वारसा हे शब्द मराठीत रुळावयाचे आहेत. कल्पना मात्र परक्या नाहीत. साच्यावर धातूचे नाव कोरलेले नसते व भट्टीवाल्यास भांड्याचा आकार ठाऊक असावा लागत नाही. दोघांतील करार स्पष्ट असेल, तर दोघांनाही आपापले काम बिनचूक करता येते. आज्ञावलीत हा करार संकलकाकडून आगाऊ तपासला जाईल अशा रीतीने लिहिणे, हेच निर्मितिपद्धती व व्यापक प्रकार यांच्या एकत्रित योजनेचे प्रयोजन होय. तो नीट लिहिला गेला नाही, तर त्याची किंमत आज्ञावलीकारास नव्हे, तर खरेदी केंद्राच्या दारात चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्यास द्यावी लागते.